डोळा व्हायचं की कातडी? पेशी हे कसं ठरवते

माणसाच्या शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी असतात आणि त्या सगळ्या एकाच फलित अंड्यापासून झालेल्या असतात. लाल रक्तपेशींसारखे थोडे अपवाद सोडले, तर जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो. यकृताच्या पेशीत मेंदूची जनुकं असतात, मेंदूच्या पेशीत दात घडवणारी असतात. प्रत्येक पेशी त्यातली ठरावीकच वापरते आणि बाकीची मिटून ठेवते. कुठली वापरायची हे ती एकटी ठरवत नाही. शेजारच्या, कधी लांबच्या पेशींकडून येणाऱ्या रासायनिक संदेशांवरून ते ठरतं.

इथपर्यंत शाळेच्या पुस्तकातही असतं. पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. शरीरात दोनशेहून जास्त प्रकारच्या पेशी आहेत, म्हणजे संदेशही निदान तेवढ्या प्रकारचे असतील असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात भ्रूणाची बहुतेक घडण मोजक्याच संदेशमार्गांवर चालते. नॉच, विंट, हेजहॉग, बीएमपी आणि त्याचं टीजीएफ-बीटा हे मोठं घराणं, एफजीएफ आणि ईजीएफसारखे वाढघटक, थेट केंद्रकात शिरणारं रेटिनॉइक आम्ल, आणि आणखी दोन-चार. फळमाशी, बेडूक, उंदीर, माणूस, सगळ्यांत हेच. मग इतक्या कमी संदेशांतून इतकी विविधता येते कुठून? माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली एका गोष्टीत आहे: कुठल्याही संदेशाला स्वतःचा असा पक्का अर्थ नसतो. तो किती आला, किती वेळ टिकला, शेजारी कोण होतं आणि ऐकणारी पेशी तोवर कशातून गेली होती, यावर त्याचा अर्थ लागतो.

शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगात हे सगळं बीजरूपात दिसलं होतं, पण ते नीट उलगडायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे हान्स स्पेमान यांच्या हाताखाली हिल्डे मँगोल्ड पीएच.डी. करत होत्या. न्यूट या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराचे अगदी लहान, गोल भ्रूण त्यांच्या हाताशी होते. भ्रूणाच्या एका टप्प्यावर बाहेरच्या पेशी आत वळू लागतात आणि तिथे एक खाच पडते. त्या खाचेच्या वरच्या ओठाचा कण मँगोल्ड यांनी एका भ्रूणातून काढला आणि दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला. दाता फिकट रंगाच्या जातीचा, घेणारा गडद जातीचा, म्हणजे पुढे कुठली पेशी कुणाची हे रंगावरून ओळखता यावं. बहुतेक भ्रूण जगले नाहीत. जे जगले त्यांच्या पोटावर दुसरा भ्रूण वाढू लागला, पाठीचा कणा आणि मज्जारज्जू यांच्या खुणांसकट, पहिल्याला पोटाशी चिकटलेला.

खरा धक्का रंगाचा होता. दुसऱ्या भ्रूणातली चेतासंस्था बहुतांशी गडद पेशींची होती, म्हणजे यजमानाच्या. ज्या पेशी पोटावरची कातडी होणार होत्या, त्या बाहेरून आलेल्या कणाच्या शेजारामुळे मज्जारज्जू झाल्या. १९२४ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी स्वयंपाकघरातल्या एका अपघातात भाजून मँगोल्ड यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्या २५ वर्षांच्या होत्या. १९३५ चं नोबेल पारितोषिक एकट्या स्पेमान यांना मिळालं.

या कणातून नेमकं काय बाहेर पडतं याचा शोध मग सुरू झाला आणि तो वाईट भरकटला. १९३० च्या दशकात असं दिसू लागलं की मेलेल्या ऊतींचे तुकडे लावले तरी चेतापेशी बनतात, आणि मिथिलीन ब्ल्यू हा रंग लावला तरीही बनतात. काहीही लावा, उत्तर तेच. अशा प्रयोगांतून खरा रेणू ओळखणार कसा? बऱ्याच संशोधकांनी नाद सोडला.

उत्तर आलं ते १९९० च्या दशकात, बेडकाच्या भ्रूणांवरून. १९९२ साली रिचर्ड हारलँड यांच्या प्रयोगशाळेने नॉगिन हे प्रथिन शोधलं, १९९४ साली एडी डी रॉबर्टिस यांच्या गटाने कॉर्डिन. सगळ्यांना अपेक्षा होती की हे रेणू पेशींना ‘चेतापेशी व्हा’ असं सांगत असतील. ते पेशींशी बोलतच नाहीत. पेशींच्या बाहेर ते बीएमपी नावाच्या दुसऱ्या संदेशाला घट्ट पकडून ठेवतात, बस एवढंच. भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या पेशींना ‘कातडी व्हा’ असं सांगणारा बीएमपी असतो. तो पोचला नाही की बेडकाच्या त्या पेशी आपसूक चेतापेशींच्या वाटेला लागतात. त्या थराचा तुकडा अखंड ठेवून वाढवला तर कातडी बनते. त्यातल्या पेशी एकमेकींपासून सोडवून बराच वेळ पाण्यात पसरवून ठेवल्या, की त्यांच्यातला संदेश विरतो आणि त्या चेतापेशी होतात. मिथिलीन ब्ल्यूचं कोडंही इथेच सुटतं. ऐकणाऱ्या पेशी आधीच उंबरठ्यावर उभ्या होत्या, त्यांना कसलाही धक्का पुरत होता. कोंबडी आणि सस्तन प्राण्यांत गोष्ट इतकी सरळ नाही, तिथे एफजीएफचीही गरज लागते, पण बीएमपीला अडवण्याचा भाग तिथेही आहे.

जाता जाता एक गोष्ट. कीटकांची मुख्य चेतारज्जू पोटाच्या बाजूला असते, आपली पाठीच्या बाजूला. फळमाशीत बीएमपीचा भाऊबंद पाठीला असतो आणि त्याला अडवणारं प्रथिन पोटाला, आपल्यात बरोबर उलट. दोन्हीकडे नियम एकच, जिथे बीएमपी नाही तिथे चेतासंस्था. बेडकाचं कॉर्डिन माशीच्या भ्रूणात घातलं तरी ते आपलं काम चोख करतं.

संदेश आत पोचतो कसा

यंत्रणेचा सांगाडा सोपा आहे. एक पेशी एक रेणू बाहेर सोडते किंवा स्वतःच्या पृष्ठभागावर धरून ठेवते. दुसऱ्या पेशीच्या आवरणात त्याला ओळखणारं ग्राही प्रथिन असतं. दोघांची गाठ पडली की ग्राही प्रथिनाचा आकार बदलतो, आतली काही प्रथिनं एकामागून एक जागी होतात, आणि शेवटी केंद्रकात जाऊन कुठली जनुकं वाचायची यात फेरबदल होतो. प्रत्येक मार्गाच्या प्रथिनांची यादी पाठ करायला लावणं हा या विषयाच्या शिकवण्यातला मोठा दोष आहे, म्हणून ती यादी इथे देत नाही. एकच मार्ग जवळून पाहू.

विंटचा मार्ग पहिल्यांदा वाचला की उफराटा वाटतो. बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन पेशी सतत बनवत असते आणि सतत नष्टही करत असते. नष्ट करण्यासाठी प्रथिनांचा एक गटच नेमलेला असतो, एपीसी हे त्यातलंच एक. बाहेरून विंट आला की हा गट थंडावतो. मग बीटा-कॅटेनिन साचतं, केंद्रकात जातं आणि जनुकं चालू करतं. बनवायचं आणि लगेच मोडायचं हा उधळेपणा वाटेल, पण त्यामुळे संदेश आल्यावर नव्याने काही उभारत बसावं लागत नाही. मोडणं थांबवलं की काम होतं.

या मार्गाचा शोध दोन टोकांनी लागला. भारतीय संशोधक आर. पी. शर्मा यांनी १९७३ साली पंख नसलेल्या एका फळमाशीची नोंद केली आणि १९७६ साली व्ही. एल. चोप्रा यांच्यासोबत तिचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. १९८२ साली रोएल नुसा आणि हॅरोल्ड वार्मस यांना उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगात एक जनुक सापडलं, एका विषाणूने शेजारी घुसून चालू केलेलं. माशीचा पंख आणि उंदराची गाठ यांचा संबंध असेल अशी शंका घ्यायलाही तेव्हा कारण नव्हतं. १९८७ साली कळलं की दोन्हीकडे मुळात एकच जनुक आहे.

विंट काय करू शकतो हे पाहायचं तर प्लॅनेरिया हा चपटा कृमी बघावा. त्याचे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा नवं डोकं आणि नवी शेपूट उगवतो, आणि योग्य टोकाला योग्य गोष्ट उगवतो. २००८ साली वेगवेगळ्या गटांनी या कृमीतलं बीटा-कॅटेनिन बंद पाडलं आणि मग कापून पाहिलं. शेपटीच्या जागी डोकं आलं, डोळ्यांसकट. न कापलेल्या कृमींनाही कडेने जादा डोकी फुटू लागली. विंट चालू असेल तर शेपूट, बंद असेल तर डोकं, असा हा हिशेब.

तोच विंट आपल्या आतड्यात वेगळंच काम करतो. आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. अस्तरातल्या खोल खळग्यांच्या तळाशी मूलपेशी (स्टेम सेल), म्हणजे सतत नव्या पेशी देत राहणाऱ्या पेशी, बसलेल्या असतात आणि तिथे विंटचा जोर असतो. त्या जोरात आहेत तोवर त्या मूलपेशी राहतात. त्यांच्या लेकी वर सरकल्या, विंटपासून लांब गेल्या, की त्या अन्न शोषणाऱ्या किंवा चिकट द्राव सोडणाऱ्या पेशी होतात आणि थोड्याच दिवसांत गळून पडतात. २००९ साली हान्स क्लेवर्स यांच्या गटाने उंदराच्या आतड्यातली एकच मूलपेशी घेऊन तिच्यापासून प्रयोगशाळेतल्या थाळीत छोटंसं आतडं वाढवलं. त्यासाठी तीन घटक पुरले: विंटचा जोर वाढवणारं आर-स्पाँडिन, ईजीएफ आणि नॉगिन. होय, बेडकाच्या भ्रूणात सापडलेलं तेच नॉगिन. आता एपीसी बिघडलं तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. मोडणारा गट मोडकळीला येतो, विंट नसतानाही पेशीला तो असल्यासारखंच वाटत राहतं आणि वर सरकूनही ती वाढणं सोडत नाही. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य कर्करोगांत एपीसी बिघडलेलं सापडतं.

किती, आणि किती वेळ

हाताचा अंगठा आणि करंगळी यांत फरक कोण करतं? कोंबडीच्या पिलाचा पंख अंड्यात जेव्हा नुसत्या कळीएवढा असतो, तेव्हा कळीच्या मागच्या कडेला, म्हणजे आपल्या करंगळीच्या बाजूला, पेशींचा एक छोटा पट्टा असतो. १९६८ साली जॉन साँडर्स आणि मेरी गॅसेलिंग यांनी तो पट्टा काढून दुसऱ्या कळीच्या पुढच्या कडेलाही लावला. पंखात तीनऐवजी दुप्पट बोटं आली, आणि ती आरशातल्या प्रतिबिंबासारखी मांडलेली होती. पट्ट्यातून काहीतरी झिरपतं, जवळच्या पेशींना जास्त मिळतं, लांबच्यांना कमी, आणि जितकं मिळालं त्यावरून कुठलं बोट व्हायचं हे ठरतं असा अंदाज बांधला गेला. १९९३ साली तो रेणू सापडला: सॉनिक हेजहॉग. नाव व्हिडिओ गेममधल्या एका पात्राचं आहे. या घराण्यातलं पहिलं जनुक क्रिस्टियाने न्युसलाइन-फोल्हार्ड आणि एरिक विशाउस यांनी १९८० साली फळमाशीत नोंदवलं होतं. ते बिघडलेल्या अळीच्या अंगभर साळिंदरासारखे काटे दिसायचे.

मज्जारज्जूतही तोच हिशेब चालतो. तिथे सॉनिक हेजहॉग खालच्या बाजूने येतो. स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी त्या बाजूला बनतात, आणि जसजसं वर जावं आणि त्याचं प्रमाण घटावं, तसतसे चेतापेशींचे निरनिराळे प्रकार ओळीने येतात. वरच्या बाजूने बीएमपी आणि विंट उलट दिशेने उतरत असतात. म्हणजे पेशीला दोन्ही टोकांकडून आपण कुठे आहोत याचा पत्ता लागतो.

पण नुसतं प्रमाण मोजून भागत नाही. उंदरांच्या पंजावरच्या अभ्यासातून दिसलं की करंगळीकडच्या बोटांच्या पेशी हेजहॉगच्या सान्निध्यात जास्त काळ राहिलेल्या असतात, नुसत्या जास्त प्रमाणात नव्हे. वेळेचं हे महत्त्व सगळ्यांत स्वच्छ दिसतं ते उंदराच्या अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीच्या गाठीतून मिळवलेल्या, प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वाढवल्या जाणाऱ्या पेशींत. त्यांना ईजीएफ दिला तर त्या विभागत राहतात. एनजीएफ हा दुसरा वाढघटक दिला तर विभागणं सोडून लांब तंतू काढतात आणि चेतापेशींसारख्या होतात. रीता लेव्ही-मोंतालचिनी आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६ चं नोबेल या दोन वाढघटकांसाठीच मिळालं. गंमत अशी की दोघांचा पेशीच्या आतला मार्ग जवळजवळ एकच आहे, दोघेही शेवटी ईआरके नावाचं प्रथिन चालू करतात. ईजीएफने ते काही मिनिटांत मावळतं, एनजीएफने तासन्‌तास चालू राहतं. पेशीवर ईजीएफची ग्राही प्रथिनं मुद्दाम खूप वाढवली तर ईजीएफनेही ईआरके टिकून राहतं, आणि मग ईजीएफ देऊनही तंतू फुटतात. रेणू तोच, टिकण्याची वेळ वेगळी, आणि पेशीचं भवितव्य बदललं.

हेजहॉग वेळेवर मिळाला नाही तर काय होतं ते अमेरिकेतल्या आयडाहोच्या मेंढपाळांनी १९५० च्या दशकात पाहिलं. कपाळाच्या मध्यावर एकच डोळा असलेली कोकरं जन्माला येत होती. शोध घेता घेता कारण सापडलं: रानात उगवणारी एक विषारी वनस्पती, आणि तीही मेंढीने गर्भधारणेच्या साधारण १४ व्या दिवशी खाल्ली तरच. तिच्यातल्या रेणूला सायक्लोपामीन हे नाव मिळालं. तो हेजहॉगचा मार्ग अडवतो हे १९९० च्या दशकाच्या शेवटी कळलं. चेहऱ्याचा आणि मेंदूचा पुढचा भाग मधोमध दुभागण्यासाठी त्या दिवसांत हेजहॉग लागतोच. चार-आठ दिवस पुढेमागे मेंढीने तेच खाल्लं असतं तर ही विकृती झाली नसती. गरोदरपणात काही औषधं इतकी कडक वर्ज्य असतात त्यामागे हेच कारण असतं. तारुण्यपीटिकांवर दिलं जाणारं आयसोट्रेटिनॉइन हे रेटिनॉइक आम्लाचंच भावंड आहे. मोठ्या माणसाच्या त्वचेला ते उपयोगी पडतं, पण गर्भातल्या पेशींना ते नको त्या वेळी आलेल्या संदेशासारखं लागतं आणि कान, हृदय, मेंदू यांत गंभीर दोष निर्माण होतात.

जादा बोटांची गोष्टही हेजहॉगपाशीच येते. या जनुकाचा हातापायांपुरता स्विच त्याच्यापासून सुमारे १० लाख अक्षरं लांब, दुसऱ्याच एका जनुकाच्या आत बसलेला आहे. त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर हेजहॉग अंगठ्याच्या बाजूलाही चालू होतो आणि सहावं बोट येतं, माणसांत तसंच मांजरांतही. सापांत हा स्विच झिजून गेलेला आहे. २०१६ साली उंदरांत मूळ स्विचच्या जागी सापाचा बसवून पाहिला, तर उंदरांचे पाय नुसते खुंट राहिले.

आता नॉच. हा बाकीच्यांहून निराळा आहे, कारण त्याला हवेत किंवा पाण्यात झिरपणं नाहीच. संदेश देणारा डेल्टा एका पेशीच्या आवरणात रुतलेला, नॉच दुसऱ्या पेशीच्या आवरणात. दोन्ही पेशी अंगाला अंग लावून असतील तरच बोलणं होतं. डेल्टावाली पेशी नॉचला अक्षरशः ओढते, त्या ताणाने नॉचवरची कापण्याची जागा उघडी पडते, त्याचा आतला भाग कापला जातो आणि तोच तुकडा केंद्रकात जाऊन काम करतो. एक नॉच एकदाच वापरता येतो.

याचा उपयोग सारख्या शेजाऱ्यांत फरक पाडायला होतो. सूत्रकृमी सी. एलेगन्स हा जेमतेम एक मिलिमीटरचा, त्याच्या प्रौढ शरीरात ९५९ पेशी, आणि प्रत्येकीची वंशावळ माहीत आहे. त्याच्या वाढीत एका जागी दोन जुळ्या पेशी येतात. त्यातल्या एकीला ‘नांगर’ (अँकर) व्हायचं असतं, म्हणजे शेजारच्या पेशींना अंडी घालण्याचा अवयव घडवायला लावणारी पेशी, आणि दुसरीला गर्भाशयाचा भाग. कोण काय होणार हे आधी ठरलेलं नसतं, कृमीगणिक बदलतं. सुरुवातीला दोघी एकमेकींना सारखाच संदेश देतात. मग कुठल्यातरी बारीक फरकाने एकीला थोडं जास्त ऐकू येतं. जिला जास्त ऐकू येतं ती स्वतःचं बोलणं कमी करते, त्यामुळे दुसरीला आणखी कमी ऐकू येतं आणि ती आणखी जोरात बोलते. तीळभर फरकाचा असा डोंगर होतो. या कृमीतलं नॉच काढून टाकलं तर दोघीही नांगर होतात, ते कायम चालू ठेवलं तर दोघीही गर्भाशय. फळमाशीच्या भ्रूणातून नॉच गेलं की कातडी व्हायच्या पेशीही चेतापेशी होऊन बसतात. आपल्या आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी आणि त्यांना आधार देणाऱ्या पेशी एकाआड एक बसलेल्या असतात, ती सुबक मांडणीही याच भांडणातून येते.

मणक्यांच्या मोजणीतही नॉच आहे. भ्रूणात पाठीच्या बाजूने ऊतीचे ठोकळे एकामागून एक पडत जातात आणि त्यांपासून पुढे मणके बनतात. १९९७ साली कोंबडीत दिसलं की ठोकळा पडण्याआधी पेशींत नॉचशी जोडलेली जनुकं ठरावीक लयीत चालू-बंद होतात, दर ९० मिनिटांनी एकदा. झेब्राफिशमध्ये हे घड्याळ साधारण अर्ध्या तासाचं, उंदरात दोन तासांचं, माणसात पाच तासांचं.

ऐकणारी पेशी

शिट्टी एकच असते, पण शर्यतीच्या रेषेवर ऐकली तर धावायचं आणि रहदारीत ऐकली तर थांबायचं. बीएमपीचं असंच आहे. बेडकाच्या भ्रूणात त्याचा अर्थ ‘कातडी हो’. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली खनिजं काढून टाकलेल्या हाडाचा तुकडा सशाच्या स्नायूत ठेवला तेव्हा स्नायूच्या आत नवं हाड बनलं. हाडातल्या त्या कर्त्या प्रथिनांना पुढे बीएमपी म्हटलं गेलं, म्हणजे तिथे अर्थ ‘हाड हो’. आणि भ्रूणातल्या हाताच्या पंजात, बोटांच्या मधल्या जागेत, त्याचा अर्थ ‘मर’. आपली बोटं सुटी होतात ती मधल्या पेशी ठरवून मरतात म्हणून. कोंबडीच्या पायात बीएमपी अडवला तर बोटं पडद्याने जोडलेली राहतात. बदकाच्या पायात हे निसर्गतःच होतं, तिथे बोटांच्या मध्ये ग्रेमलिन नावाचं प्रथिन बीएमपीला आवर घालतं.

एकाच रेणूचे तीन अर्थ होतात, कारण केंद्रकात पोचणारी प्रथिनं बहुतेकदा स्वतः जागा निवडत नाहीत. डीएनए प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि कुठला भाग उघडा ठेवायचा हे पेशीच्या आधीच्या इतिहासाने ठरवलेलं असतं. स्नायूपेशीत स्नायूची मुख्य नियामक प्रथिनं ज्या जागा उघडून बसलेली असतात, तिथेच टीजीएफ-बीटाचा निरोप घेऊन आलेलं प्रथिन बसतं. मूलपेशीत तेच प्रथिन मूलपेशीच्या नियामकांशेजारी बसतं. त्यामुळे ‘अमुक जनुक अमुक अवयव बनवतं’ अशी वाक्यं वाचली की मला नेहमी विचारावंसं वाटतं, कुठल्या पेशीत आणि कधी?

हा इतिहास पुसताही येतो. २००६ साली शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या संयोजी ऊतीच्या पेशींत चार नियामक जनुकं घातली आणि त्या पुन्हा भ्रूणातल्या मूलपेशींसारख्या झाल्या. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. उंदराच्या मूलपेशींना मूलपेशीच ठेवायचं तर काय लागतं, याचं २००८ साली मिळालेलं उत्तर मला फार आवडतं: दोन औषधं, ज्यांतलं एक ईआरकेचा मार्ग अडवतं. पुढे जाण्याचा संदेश ऐकू दिला नाही की पेशी आहे तिथेच राहते.

मग पेशीला हवं तिथे नेता येईल का? मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारते. त्या थाळीत बनवण्याचा मार्ग काढायला संशोधकांना कित्येक वर्षं लागली. २००६ च्या सुमाराला पहिल्या कृती आल्या, २०१४ साली डग्लस मेल्टन यांच्या गटाने आणि दुसऱ्या एका गटाने ग्लुकोजला प्रतिसाद देणाऱ्या पेशी बनवल्या. कृती वाचली की भ्रूणाचा प्रवास जसाच्या तसा दिसतो. आधी ॲक्टिव्हिन हा टीजीएफ-बीटाच्या घराण्यातला रेणू आणि विंटला जोर देणारं औषध, म्हणजे पेशी आतड्याच्या थराची वाट धरतात. मग एफजीएफ घराण्यातला एक घटक. मग रेटिनॉइक आम्ल, आणि त्याच वेळी हेजहॉग बंद, कारण भ्रूणात स्वादुपिंड जिथे उगवतं तिथे हेजहॉग मुद्दाम गप्प केलेला असतो. सुरुवातीच्या कृतीत त्यासाठी सायक्लोपामीनचाच एक सुधारित प्रकार वापरला होता, एकडोळ्या कोकरांवरून सापडलेला. त्यानंतर नॉच अडवायचं, नाहीतर पेशी पूर्वज अवस्थेतच घुटमळतात. शेवटाकडे टीजीएफ-बीटाही अडवायचा, ज्याच्या घराण्यातल्या रेणूने सुरुवात झाली होती. सगळं मिळून महिन्याभराहून अधिक काळ लागतो. एखादा घटक दोन दिवस आधी घातला तर भलत्याच पेशी हाती येतात.

२०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा पेशींची पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ रुग्णांपैकी १० जणांना वर्षाअखेर बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सोडल्या होत्या आणि तिथेच त्या रुजल्या. मात्र त्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवावी लागतात, कारण थाळीत बनवलेली असली तरी ती पेशी परक्याची आहे आणि मूळ आजारात बीटा पेशींवर उठलेली प्रतिकारशक्तीही अजून जागीच आहे. सध्याचं बरंचसं काम तिथेच चाललं आहे: पृष्ठभागावरची ओळख पटवणारी प्रथिनं जनुक-संपादनाने काढून टाकून त्या पेशी प्रतिकारशक्तीच्या नजरेला पडू न देण्यावर.